फौजी, एचआयव्ही आणि न दुखणारे आजार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘गुप्तरोग’ हा आपल्याकडचा शब्द मला कधीच आवडला नाही. एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवर, रेल्वेच्या रुळांकडेच्या कुंपणावर हा शब्द ठळक रंगात रंगवलेला आपण सगळ्यांनी वाचला आहे. खाली कुठल्या तरी लॉजवर महिन्यातून दोनदा बसणाऱ्या वैदूचा पत्ता असतो. रोगाचं नावच ‘गुप्त’ ठेवलं की तो लपवायचा असतो, हे न सांगता समजतं. पण आज मला ज्या आजारांविषयी बोलायचं आहे ते शेजाऱ्यांपासून किंवा बायकोपासूनच गुप्त राहतात असं नाही. ज्याला झाला आहे त्याच्यापासूनही ते गुप्त राहतात. खरी अडचण तिथे आहे.

मी काही वर्षं सैन्याच्या वैद्यकीय सेवेत काढली आणि मग कुडाळला दवाखाना थाटला. आपल्या जिल्ह्यात फौजेत माणूस असणं ही नवलाईची गोष्ट नाही. कुणी बेळगावच्या मराठा सेंटरला भरती झालेला, कुणी नौदलात, कुणी सिग्नल्समध्ये. चतुर्थीला आणि मे महिन्यात गाड्या भरभरून सुट्टीवर येणाऱ्यांत हेही असतात. त्यांच्यातल्या फार थोड्यांना एचआयव्ही आहे. २०२३ च्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, आणि सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत. त्यातले बहुसंख्य तुमच्या-आमच्यासारखे साधे नागरिक आहेत. तेव्हा फौजी म्हणजे जास्त वाईट चालीचा, असा अर्थ कुणी काढू नये. घरापासून वर्षातले नऊ-दहा महिने लांब राहणाऱ्या कुठल्याही माणसाला, मग तो ट्रकवाला असो, गोव्याचा खलाशी असो किंवा मुंबईच्या खोलीत राहणारा चाकरमानी असो, हा धोका असतोच. फौजी माणसाविषयी बोलण्याचं कारण वेगळं आहे. नियमित तपासणीची सवय त्याला नोकरीनं लावलेली असते, आणि निवृत्तीच्या दिवशी ती सवय तुटते.

आधी एक चांगली गोष्ट सांगतो. १९८६ साली भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले तेव्हा डॉक्टरच्या हातात काहीच नव्हतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. तीही सुरुवातीला प्रतिकारशक्ती खालावल्यावरच मिळत. २०१७ पासून निदान झालं की लगेच औषध, असं धोरण झालं. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती वेळेवर घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू इतका दबतो की यंत्रालाही तो मोजता येत नाही. असा माणूस नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो. आपल्या सैन्यातही एचआयव्ही निघाला म्हणून सरसकट घरी पाठवत नाहीत. मेडिकल कॅटेगरी खाली येते, ठरावीक काळानं बोर्ड होतो, नेमणुकीवर काही मर्यादा येतात, पण माणूस वर्दीत राहतो. माजी सैनिकांना हे नव्यानं सांगायला नको.

मग अडचण कुठे येते? माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त हवालदारानं ती एका वाक्यात मांडली होती. त्याचं गाव मी सांगत नाही. तो म्हणाला, ‘‘डॉक्टरांनू, गोळी येळार घेतंय, वायरल लोड दिसणा नाय. माका कायच दुखणा नाय. मगे हे आनी कसले टेस्ट?’’ प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तरही साधं आहे. ती गोळी एचआयव्हीला दाबते. सिफिलिसला, परम्याला, क्लॅमिडियाला ती काहीही करत नाही. हे जंतू वेगळ्या जातीचे, त्यांची औषधं वेगळी. वायरल लोडच्या कागदावर त्यांच्याविषयी एक अक्षरही नसतं.

यातला सिफिलिस, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या भाषेतली ‘गरमी’, आधी पाहू. कारण ती सगळ्यांत लबाड आहे. संसर्ग झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी, एक छोटी जखम उमटते. ती दुखत नाही. तोंडात, गुदद्वाराच्या आत, कातडीच्या मागे उमटली तर दिसतही नाही. काही आठवड्यांत आपोआप भरते. माणूस म्हणतो, बरं झालं. पुढे कधी अंगावर पुरळ येतं, तळहात-तळपायांवरही येतं, थोडा ताप येतो. तेही जातं. त्यानंतर काहीच नाही. वर्षं जातात. जंतू मात्र शरीरात असतोच. पुढे कधी हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीवर, कधी मेंदूवर त्याचा परिणाम दिसतो. मेंदू, डोळे आणि कान यांना तो सुरुवातीच्या काळातही त्रास देऊ शकतो, आणि एचआयव्ही असलेल्यांमध्ये डॉक्टर याविषयी जास्त सावध असतात. नजर अचानक धूसर झाली, एका कानानं ऐकू येईना, तर वयाचा दोष म्हणून सोडून द्यायचं नाही.

आता तपासणी. या रोगासाठी रक्ताची चाचणी १९०६ मध्ये वासरमन या जर्मन शास्त्रज्ञानं शोधली. आज आपण व्हीडीआरएल किंवा आरपीआर म्हणतो ती तिचीच सुधारलेली पिढी. चाचणी स्वस्त आहे, ग्रामीण रुग्णालयातही होते. पण तिचा कागद वाचायला शिकलं पाहिजे. त्यावर ‘पॉझिटिव्ह’च्या पुढे १:८, १:३२ असे आकडे असतात, आणि ते पाहून लोक घाबरतात. मी त्यांना कोकमाच्या आगळाचं उदाहरण देतो. एक भाग आगळात आठ भाग पाणी घातलं, आंबट लागलं. सोळा घातलं, तरी लागलं. बत्तीस घातलं तरीही लागलं, म्हणजे आगळ चांगलंच दाट होतं. रक्तातली प्रतिक्रिया अशीच पातळ करत करत पाहतात. १:३२ असेल तर ती १:८ पेक्षा जोरकस. उपचारानंतर हा आकडा उतरतो. १:३२ चा १:८ झाला, म्हणजे चौपटीनं उतरला, की औषध लागू पडलं असं आम्ही धरतो. आणि १:२ वर आलेला आकडा वर्षभरानं पुन्हा १:१६ झाला तर नवा संसर्ग झाला असं समजायचं.

म्हणून जुना आकडा हाताशी असावा लागतो. तो नसेल तर आजचा १:८ उतरता आहे की चढता, हे कुठल्याही डॉक्टरला सांगता येत नाही. दुसऱ्या एका प्रकारची चाचणी आहे, जी खुद्द त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. ती एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांत जन्मभर तशीच राहते, पूर्ण बरा झाला तरी. हे माहीत नसल्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाला ‘अजून आहे’ म्हणून पुन्हा पुन्हा इंजेक्शनं दिल्याचं मी पाहिलं आहे. क्वचित याच्या उलटही होतं. प्रतिपिंडं इतकी जास्त असतात की साध्या व्हीडीआरएलमध्ये चाचणीच फसते आणि कागद निगेटिव्ह येतो. एचआयव्ही असलेल्यांत हे लक्षात ठेवावं लागतं. लक्षणं सांगतात एक आणि कागद सांगतो दुसरंच, असं झालं तर प्रयोगशाळेला रक्त पातळ करून पुन्हा पाहायला सांगायचं.

औषध मात्र जुनंच आणि खात्रीचं आहे. १९४३ मध्ये जॉन महोनी या अमेरिकी डॉक्टरनं पेनिसिलीननं सिफिलिस बरा होतो हे दाखवलं. सुरुवातीच्या अवस्थेत आजही २४ लाख युनिट बेन्झाथिन पेनिसिलीनचा एकच डोस पुरतो. साधारणतः दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा टोचतात. जुना किंवा किती जुना ते ठाऊक नसलेला संसर्ग असेल तर आठवड्याच्या अंतरानं तीन वेळा. इंजेक्शन दुखतं, यात शंका नाही. पहिल्या दिवशी ताप, थंडी, अंगदुखीही होऊ शकते. जंतू मोठ्या संख्येनं मरतात त्याची ती प्रतिक्रिया असते. ‘औषध बाधलं’ म्हणून दुसऱ्या आठवड्याला न येणारे पुष्कळ असतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

परमा आणि क्लॅमिडिया यांची गोष्ट थोडी निराळी. पुरुषाला लघवीच्या जागी परमा झाला तर बहुधा जळजळ होते, पू येतो, आणि माणूस धावत येतो. क्लॅमिडिया मात्र बऱ्याचदा काहीच जाणवू देत नाही. आणि हे दोन्ही जंतू घशात किंवा गुदद्वारात असतील तर बहुतेकांना कळतच नाही. लघवीची चाचणी केली, ती स्वच्छ आली, माणूस निश्चिंत झाला, आणि जंतू घशात तसाच राहिला, असं होतं. त्यामुळे कुठून नमुना घ्यायचा हे ठरवण्यासाठी डॉक्टरला संबंधांविषयी स्पष्ट प्रश्न विचारावे लागतात. पुरुषाचे पुरुषाशी संबंध हा विषय आपल्याकडे दवाखान्यातसुद्धा निघत नाही, बराकीत तर नाहीच नाही. तो निघाला पाहिजे, आणि विचारताना डॉक्टरच्या चेहऱ्यावर आठी येता कामा नये.

ही जंतूंच्या जनुकांवरून ओळखणारी चाचणी तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाही आणि खासगीत महाग पडते. क्षयरोगासाठी जिल्ह्याजिल्ह्यात जे जीनएक्सपर्ट यंत्र आलं आहे, त्यावरच वेगळं कार्ट्रिज घालून परमा आणि क्लॅमिडियाची चाचणी करता येते. यंत्र दारात आहे, कार्ट्रिज नाही, अशी गत. यावर कुणीतरी विचार करावा असं मला फार वाटतं.

सरकारी दवाखान्यांत आज चालते ती लक्षणांवरून उपचाराची पद्धत. स्राव असेल तर राखाडी रंगाचा पुडा, जखम असेल तर पांढरा, पेनिसिलीन चालत नसेल तर निळा, नागिणीसारखे फोड असतील तर लाल. रंगांमुळे चूक होत नाही आणि त्याच दिवशी औषध मिळतं. खेड्यापाड्यात या पद्धतीनं खूप भलं केलं आहे. तिची मर्यादा एकच, पण मोठी: पुडा मिळायला लक्षण असावं लागतं. ज्याला काही होत नाही त्याच्यासाठी कुठल्याच रंगाचा पुडा नाही. त्याच्यासाठी तपासणी हाच मार्ग उरतो.

याचा अनुभव बाहेरच्या एका सैन्यानं फार बारकाईनं नोंदवला आहे. अमेरिकेच्या सैन्यात ऑक्टोबर १९८५ पासून भरतीला येणाऱ्या प्रत्येकाची एचआयव्ही चाचणी सुरू झाली, आणि पाठोपाठ नोकरीत असलेल्यांचीही. ज्यांना संसर्ग निघाला त्यांच्यातल्या हजारो जणांना १९८६ पासून एका दीर्घ अभ्यासात घेऊन वर्षानुवर्षं तपासत गेले. औषधोपचार फुकट, डॉक्टर हाताशी, समुपदेशन झालेलं. तरीही निदानानंतर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नवे लैंगिक संसर्ग झाल्याचं दिसलं. मला यात त्या माणसांना दोष द्यावासा वाटत नाही. एचआयव्ही झाला म्हणून माणसाचं तारुण्य, एकटेपण किंवा इच्छा संपत नाही. एकदा समजावलं की पुरे, हा आपला समज तेवढा चुकीचा ठरला. म्हणूनच तिकडची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की एचआयव्हीसह जगणाऱ्या, लैंगिक संबंध असलेल्या प्रत्येकाची या आजारांसाठी पहिल्या भेटीत आणि नंतर वर्षातून निदान एकदा तपासणी करा. धोका जास्त असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. आपल्याकडेही एचआयव्हीचे उपचार सुरू करताना सिफिलिसची तपासणी सांगितलेली आहे. ढिलाई होते ती पुढच्या वर्षांत.

आता एक प्रश्न मला नेहमी विचारतात. हे आजार असले की एचआयव्ही जास्त पसरतो का? याचं उत्तर दोन टप्प्यांत द्यावं लागतं. ज्याच्या शरीरात एचआयव्ही औषधाविना मोकळा आहे, त्याच्या बाबतीत जखम किंवा स्राव म्हणजे विषाणूला उघडलेलं दार. टांझानियातल्या म्वान्झा भागात लैंगिक आजारांचे उपचार सुधारले तेव्हा एचआयव्हीचे नवे संसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असं १९९५ मध्ये दिसून आलं. पण शेजारच्या युगांडात राकाई इथे सगळ्या वस्तीला ठरावीक काळानं औषधं वाटली, तर तसा फरक दिसला नाही. तो निष्कर्ष १९९९ चा. तेव्हा ‘लैंगिक आजार बरे करा, एचआयव्ही आपोआप थांबेल’ इतकं सोपं गणित नाही. दुसरा टप्पा औषध घेणाऱ्यांचा. युरोपातल्या ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ मध्ये आले. विषाणू औषधानं दबलेला असताना निरोध न वापरता झालेल्या संबंधांतून जोडीदाराला एकही एचआयव्ही संसर्ग झाला नाही, मध्ये इतर लैंगिक आजार झालेले असतानासुद्धा. ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे आणि ती लपवून लोकांना घाबरवत ठेवणं मला पटत नाही.

पण याच दिलाशामुळे निरोध बाजूला पडतो, आणि मग एचआयव्ही घरी जात नसला तरी सिफिलिस जातो. हवालदाराच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे आहे.

घरी तो कुणाला जातो? पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये सुरू झाली. तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. वेश्याव्यवसायात नसलेल्या, बहुतेक विवाहित आणि नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध नसलेल्या या बायकांपैकी शंभरात सुमारे चौदा जणींना एचआयव्ही निघाला होता. त्यांच्या बाबतीत धोक्याची मुख्य खूण होती जोडीदाराला असलेला लैंगिक आजार. तिनं काय केलं होतं? लग्न. औषधांच्या आधीचा तो काळ होता, आज चित्र तसं नाही. पण संसर्ग घरात शिरण्याची वाट तीच राहिली आहे.

आजही पुष्कळ घरांत नवऱ्याचा आजार आधी कळतो तो बायकोच्या गरोदरपणात. नाव नोंदवायला गेलं की एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्हींसाठी रक्त तपासतात, आणि ते तपासलंच पाहिजे. गरोदरपणातला सिफिलिस उपचाराविना राहिला तर मूल पोटातच दगावू शकतं, किंवा आजार घेऊनच जन्माला येतं. पेनिसिलीन वेळेवर मिळालं तर बहुतेक वेळा हे टळतं. पण मग घरात सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळतात, कारण चाचणी तिची झाली! नवरा सीमेवर, सासू दारात, आणि कागद हिच्या हातात. ज्याची तपासणी वर्षभर आधी युनिटमध्ये सहज झाली असती त्याचा भार ती उचलते. आणि एकट्या तिला औषध देऊन भागत नाही. नवऱ्याचाही उपचार झाला नाही तर सुट्टीत तो आजार पुन्हा तिच्याकडे येतो.

सैन्यात तपासणी म्हटली की माणूस बिचकतो, याला जुना इतिहास आहे. इंग्रजांच्या छावण्यांत १८६४ च्या कॅन्टोनमेंट कायद्यापासून ‘लॉक हॉस्पिटल’ चालत. तिथे छावणीभोवतीच्या बायकांना धरून आणून तपासत आणि डांबून ठेवत. गोऱ्या शिपायांना मात्र मोकळं सोडत. म्हणजे दोघांच्या रोगासाठी एकीलाच कोंडायचं. इंग्लंडमध्येही याविरुद्ध ओरड झाली आणि १८८८ मध्ये ती पद्धत कागदोपत्री बंद झाली. १८९५ च्या सुमारास भारतातल्या गोऱ्या फौजेत या आजारांसाठी दर हजारी पाचशेच्या वर दाखले होत होते. देशी शिपायांमध्ये हे प्रमाण बरंच कमी होतं. पुढे शिक्षेचा मार्ग आला. अमेरिकेनं १९१२ मध्ये असा आजार झालेल्या सैनिकाचा आजारपणाच्या दिवसांचा पगार कापायचा नियम केला. परिणाम काय व्हायचा तोच झाला. पगार जाईल म्हणून माणसं लपवू लागली, बाहेर चोरून औषधं घेऊ लागली. शेवटी १९४४ मध्ये, ऐन महायुद्धात, तो नियम रद्द करावा लागला. तोपर्यंत पेनिसिलीनही आलं होतं.

आपल्या देशात अगदी अलीकडे सर्वोच्च न्यायालयासमोर आलेली दोन प्रकरणं प्रत्येकानं लक्षात ठेवावीत. हवाई दलातल्या एका जवानाला २००२ मध्ये सीमेवरच्या लष्करी रुग्णालयात रक्त चढवलं होतं. बारा वर्षांनी त्याला एचआयव्ही निघाला. २०२३ मध्ये न्यायालयानं त्याला सुमारे दीड कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. दुसरा सैन्यातला एक हवालदार. त्याला एड्स आहे असं चुकीचं निदान करून २००१ मध्ये नोकरीतून काढलं होतं. त्याला २०२४ मध्ये ५० लाख मिळाले, आयुष्याची वीसेक वर्षं गेल्यावर. पहिल्या प्रकरणात संसर्ग शरीरसंबंधांतून आलेलाच नव्हता, दुसऱ्यात तो मुळी नव्हताच. या दोघांकडे गावानं काय नजरेनं पाहिलं असेल?

म्हणून मी आग्रह धरतो तो असा की एचआयव्हीचा उपचार घेणाऱ्या प्रत्येकाची ही तपासणी व्हावी. संशय आला म्हणून नको, काही कबूल केलं म्हणून नको. जसा रक्तदाब मोजतात, जशी वार्षिक मेडिकल असते, तशी. सगळ्यांची होते म्हटल्यावर ती कुणावरचाच आरोप ठरत नाही. मात्र सक्ती नको. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी नाही, माहिती फोडायची नाही, नोकरीत भेदभाव नाही, हे त्यात आहे. जोडीदाराला खरोखर धोका असेल तर समुपदेशनानंतर तिला सांगण्याची तरतूदही आहे. युनिटच्या दवाखान्यातला कागद लंगरखान्यात वाचला जात नाही, एवढी खात्री जवानाला वाटली की निम्मं काम झालं.

निवृत्तीनंतर काय? २००३ मध्ये सुरू झालेल्या ईसीएचएस योजनेतून निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांना उपचार मिळतात. पण बरेच जण तिथे जायला कचरतात, कारण रांगेत ओळखीचीच माणसं असतात. मग कुणी गोव्याला जातो, कुणी कोल्हापूरला, आणि कुणी कुठेच जात नाही. २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती झालेल्या मुलांतली बहुतेक चार वर्षांनी परत यायची आहेत, पंचविशीच्या आतबाहेरची, आणि योजनेच्या मूळ नियमांप्रमाणे त्यांना ईसीएचएस नाही. त्यांची आरोग्याची सगळी भिस्त आपल्या ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांवर राहणार. त्यांच्यातल्या ज्यांना गरज पडेल त्यांनी हे ऐकून ठेवावं.

सरकारी रुग्णालयात एचआयव्हीचं समुपदेशन आणि चाचणी केंद्र असतं. तिथे चाचणी मोफत होते. लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. कुडाळला जायला लाज वाटत असेल तर ओरोसला जा, सावंतवाडीला जा. कुणी रहिवासाचा दाखला मागणार नाही. सिफिलिसबरोबर हेपॅटायटिस बी आणि सी याही तपासण्या मागून घ्या. बी नसेल तर त्याची लस घ्या. बी असेल तर लक्षात ठेवा, एचआयव्हीच्या गोळीतलं टेनोफोविर हे औषध त्यालाही दाबून ठेवतं, आणि गोळी मनानं बंद केली तर यकृताला एकदम सूज येऊ शकते. हेपॅटायटिस सी आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो, आणि २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली त्या मोफत मिळतात.

नुकताच नवा संबंध आला असेल तर दुसऱ्या दिवशी रक्त देऊन काही कळत नाही. शंका असेल तर डॉक्टरला लगेच दाखवा, पण रक्त सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी द्या. तोवर घरी निरोध वापरा.

आणि सर्व्हिस सोडताना डिस्चार्ज बुकाबरोबर तुमचे तपासणीचे कागद मागून घ्या. एचआयव्हीची पहिली तारीख, कुठली गोळी कधीपासून, वायरल लोडचे आकडे, व्हीडीआरएलचा शेवटचा आकडा, पेनिसिलीन कधी आणि किती वेळा घेतलं, हेपॅटायटिसच्या लसीच्या तारखा. मूळ कागद घरी ठेवा आणि दाखवायला झेरॉक्स न्या. मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवावेत. आपल्याकडच्या एका पावसाळ्यात बुरशीनं अक्षरं पुसलेले कागद मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि १:४ होतं की १:६४ हे मग कुणालाच वाचता येत नाही.